पंधरा मिनिटांची फाईल

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. इथे एक आकडा चुकला तर माणसाचं औषध बदलतं, त्यामुळे तिखटमीठ लावून सांगायची सवय मला नाही. घडलं तेवढंच सांगतो.

गेल्या मार्चमधला मंगळवार. भर दुपारचे सव्वातीन.

माझी ताई ध्यान शिकवायची. आई-बाबांनंतर मला तीच होती. मला कामातून मान वर करायला फुरसत नसते, म्हणून तिने खास माझ्यासाठी स्वतःच्या आवाजात फाईल रेकॉर्ड करून दिली. पंधरा मिनिटांची.

मला मोकळा वेळ एकच... रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये फिरतात ती दहा मिनिटं. मग मी फाईल दीडपट वेगाने ऐकायचो.

"छोट्या, ध्यान करतोस की गाडी पकडतोस?" ती फोनवर हसायची. "एकदा तरी पूर्ण पंधरा मिनिटं बस रे माझ्याजवळ."

"रविवारी नक्की," मी म्हणायचो.

रविवार येत राहिले, जात राहिले. जानेवारीत ताईच गेली.

नंतरही मी फाईल दीडपट वेगानेच लावायचो. सावकाश ऐकायची हिंमत नव्हती. हळूहळू तिचा खरा आवाज कसा होता, तेच आठवेना. त्याचं फार वाईट वाटायचं.

त्या मंगळवारी मी नळ्या लावल्या. दहा मिनिटांची वेळ दिली. इयरफोन घातले, डोळे मिटले.

आवाज आला... सावकाश.

तिचाच. जरासा बसलेला, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा.

मग मशीनची घरघर ऐकू येईना. बाहेरचे फोन, पावलं... काहीच नाही.

आणि शेजारचं स्टूल सरकलं.

"दमलास ना रे?"

हे वाक्य फाईलमध्ये नाही. फाईल मला तोंडपाठ आहे.

अंगावर सर्रकन काटा आला. तरी डोळे उघडले नाहीत. उघडले तर ती जाईल, एवढंच कळत होतं.

मशीनची शिटी वाजली तेव्हा उघडले. स्टूल माझ्या गुडघ्याला टेकलं होतं. मोबाईलवर वेग दीडपटच होता. घड्याळात साडेतीन.

दहा मिनिटांवर लावलेलं मशीन पंधरा मिनिटं फिरलं होतं.

काउंटरवरच्या मॅडम आत डोकावल्या. "झालं का? मघाशी बोलवायला येत होते, तर दारातच त्या बाईंनी अडवलं. म्हणाल्या, बसू द्या त्याला, पहिल्यांदाच पूर्ण बसलाय. आवाज बसला होता हो त्यांचा. गेल्या कधी?"

दार एकच आहे. ते काउंटरसमोरच उघडतं.

मशीन तपासून घेतलं. बिघाड काही नाही.

आता मी फाईल साध्या वेगाने लावतो. दहाव्या मिनिटाला मशीन शिटी मारतं. मी उठत नाही. उरलेली पाच मिनिटं कान स्टुलाकडे लावून बसतो.

भीती वाटते. स्टूल सरकेल म्हणून वाटते...

आणि इतके महिने झाले, ते सरकलेलं नाही, म्हणून जास्त वाटते.