चाळणीतला डूल

चाळणीत काहीतरी खणकन वाजलं, आणि थोरलीने चाळणं थांबवलं!

टोमॅटोच्या वाळक्या मुळांच्या गुंत्यात सोन्याचा डूल होता... धाकट्या जावेचा, तिच्या गेलेल्या आईची शेवटची खूण! याच डुलापायी ‘चोर’ हा शब्द थोरलीच्या पदरी आला होता, तिची चूल वेगळी झाली होती, आणि विधवेला वरची खोली नि गच्ची एवढंच जग उरलं होतं. दिवसच्या दिवस बोलायला माणूस नाही. मग काय, बाई मातीशीच बोलायची! हंगाम संपला की कुंड्या उपड्या करायच्या, माती जुन्या चादरीवर पसरायची, मुळं वेचायची, ढेकळं फोडायची, ऊन दाखवायचं, चाळायची आणि घरचं मुरलेलं खत कालवून पुन्हा भरायची. कोपऱ्यातलं टोमॅटोचं जड पिंप मात्र तिला एकटीला हलत नसे, ते आज कसंबसं कलंडवलं होतं. “दमलीस ना गं? घे चार दिवस विसावा, मग वांगी लावू,” असं ती मातीला म्हणे. तिला तसं म्हणणारं कोणी नव्हतं.

आनंदाने ती धावलीसुद्धा, आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थबकली. सांगणार काय? मातीत सापडला म्हणून? कोण विश्वास ठेवणार! ‘लपवला होता, आता उकरून काढला,’ असंच म्हणतील. मग परत पुरून टाकावा? छे! पोरीची आई गेली, तिची एवढीशी खूण... एवढ्यात खालून दिराचा चढलेला आवाज आला, “माझी वहिनी चोर नाही, किती वेळा सांगू?” पाठोपाठ धाकटीचं रडणं. अजून तेच भांडण! आपल्यापायी या दोघांचा संसार नासतोय! तिने मनाशी काय ते ठरवलं आणि खाली गेली.

“घे बाई,” तिने धाकटीपुढे मूठ उघडली. “मीच घेतला होता. मोह झाला... भावजी, हिला बोल लावू नका. मी जाते कुठेतरी.”

दीर मटकन खाली बसला. “वहिनी... तुम्ही?”

त्याची ती नजर! चोर म्हणवून घेणं एकवेळ सोपं होतं, ती नजर सोसवेना.

धाकटीने झडप घालून डूल उचलला, डोळ्यांशी नेला... आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. डुलाच्या कडीतून टोमॅटोचं मूळ आरपार गेलं होतं, सुटता सुटत नव्हतं. नक्षीत माती घट्ट बसली होती.

“त्या दिवशी मी मटार सोलत होते,” ती पुटपुटली. “कान ठणकत होता... डूल काढून टरफलांच्या कागदावरच ठेवला मी! आणि टरफलं तुम्ही नेलीत खतात घालायला, नेहमीसारखी...”

थोरली दाराकडे वळली.

“वहिनी, खोटं का बोललात हो?” धाकटीने तिचे मातीने भरलेले हात छातीशी धरले आणि ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडू लागली. “मला क्षमा करू नका... पण जाऊ नका!”

“वेडी कुठली! जाते कुठे?” थोरलीने पदराने तिचे डोळे पुसले, आपले तसेच राहू दिले. “अजून अर्धी माती चाळायचीय.”

धाकटीने ओट्यावरचा सालांचा डबा उचलला आणि तिच्यामागून जिना चढू लागली.