उराउरी भेट

प्रयोगशाळेतले ते इंजिन सव्वाशे वर्षांचे, कुठल्याशा संस्थानिकाच्या मोटारीतले. अभियंता कुमुदिनी लेले यांनी ते सुरू केले आणि वर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. पाणी हलले नाही.

"बंद पडलं की काय?" शल्यविशारद डॉ. खंबाटांनी विचारले.

"कान द्या, घुमतंय. नळकांडी चार, पण दट्टे आठ. प्रत्येक नळकांड्यात दोन, समोरासमोर. त्यांना हलवणारा एक क्रँकशाफ्ट वर, एक खाली. दोघं एकदम जवळ येतात, एकदम लांब जातात. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. बाहेर थरथर येणार कुठून?"

"आणि हेच छातीत बसवायचं?"

"मामांच्या. याचीच मुठीएवढी प्रतिकृती. साधं यंत्रहृदय थरथरून टाके उसवतं, हे तुमचंच म्हणणं ना? ही चार नळकांडी आळीपाळीनं रक्त ढकलतील. धार अखंड राहील."

"मग नाडी लागणार नाही."

"न का लागेना. माणूस राहील."

माणूस राहिला. कुमुदिनीचे मामा, कीर्तनकार आत्मारामबुवा, तीन महिन्यांत पुन्हा कीर्तनाला उभे राहिले. आवाज तोच, अभंगातली आर्तताही तीच. पण कीर्तन संपल्यावर उराउरी भेटायची तिथली रीत. पेटीवाले बाबूराव मिठी मारून दचकले आणि मागे सरले. छातीत सामसूम! पुढच्या कीर्तनाला लोक लांबूनच पाया पडले. बुवा गातात खरे, पण आत कोणी नाही, अशी कुजबूज गावभर झाली.

"अहो, कीर्तनात सांगतोच की, मी नाही, तोच आहे. आता पुरावा मिळाला!" बुवा थट्टा करायचे. कोणी हसायचे नाही. मामी तर त्यांच्या छातीवर हात ठेवायची आणि चटका बसल्यासारखा काढून घ्यायची. शेवटी ती देवाला नवस बोलली.

रामनवमीला कुमुदिनी पोचली तेव्हा जन्माचे कीर्तन आटोपले होते. बुवांपुढे ही रांग! एकेक जण कडकडून भेटत होता, डोळे पुसत होता.

"कुमू, धडधड लागली गं!" मामी धावत आली. "सकाळपासून. देव पावला!"

"बुवा, आज तुमची छाती तबल्याला भारी आहे," बाबूराव ओरडले.

कुमुदिनीने मामांच्या छातीवर तळवा टेकला. ठक्. ठक्. जोडीतल्या एका दट्ट्याचा दांडा निसटला होता. समोरचा आता एकटाच धावत होता, आणि त्याचा प्रत्येक धक्का सरळ टाक्यांवर बसत होता.

"मामा, बसा. हलू नका. डॉक्टरांना बोलावते."

बुवांनी तिच्याकडे पाहिले. त्यांना कळले असावे.

"बोलाव हो. पण आठ महिन्यांनी माणसं जवळ आलीत, पोरी. तोवर रांग मोडू नकोस."

रांग देवळाच्या पायऱ्या उतरून पार रस्त्याला लागली होती. पुढच्या म्हाताऱ्याने हात पसरले, बुवांना उराशी धरले आणि हर्षाने मागे वळून सांगितले,

"अरे, जोर वाढतोय!"