खांबाशेजारची जागा

सुताराला घरची ओढ लागली होती. बायकोचे दिवस भरत आले होते, आणि एकदा बर्फ पडला की डोंगरापलीकडची वाट थंडी सरेपर्यंत बंद. पण अल्लाच्या घरचं काम अर्धं टाकून निघायचं कसं? कित्येक शतकांची ती लाकडी मशीद, नक्षीचे काळेभोर खांब, त्यातला एक बुडाशी कुजलेला. त्याने कुजका भाग कापला, नवं लाकूड सांधलं आणि दुपारच्या नमाजासाठी हातपाय धुतले.

पहिल्या रांगेत त्याच खांबाला लागून एका माणसाची जागा मोकळी होती. रांगेत फट ठेवायची नाही, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. तो सरळ तिथे जाऊन उभा राहिला.

डावीकडे गावातला म्हातारा लोहार, उजवीकडे नुसता खांब. तरीही उजव्या खांद्याला कुणाचा तरी खांदा येऊन भिडला... ओला, गारठलेला. भिजलेल्या लोकरीचा वास आला. नमाजात इकडेतिकडे बघायचं नसतं. शेवटी सलाम फेरताना त्याने मान वळवली, तर खांबच होता.

इमामसाहेबांचा चेहरा पार उतरला. "पाहुण्याला कुणीच कसं सांगितलं नाही?" ते लोहारावर करवादले. मग सुताराला जवळ बसवून हळूच म्हणाले, "हे खांब कोरणारा कारागीर काम संपवून घरी निघाला, तो बर्फातच राहिला. ती जागा आम्ही त्याच्यासाठी सोडतो. तिथे जो उभा राहील, त्याच्या घरी तो जातो... असं म्हणतात."

बायको डोळ्यांत प्राण आणून वाट बघत असेल, हे सुताराला कळत होतं. "मग मी जातच नाही," तो म्हणाला. "मी इथे, तर तोही इथेच."

त्याच आठवड्यात वाट बुजली. अख्खी थंडी त्याने मशिदीत झुरत काढली.

वाट मोकळी होताच तो धावत सुटला. अंगणात बायको कपडे वाळत घालत होती, चांगली अंगानं भरलेली, हसरी. त्याच्या जिवात जीव आला.

"अगंबाई," ती दचकली, "तुम्ही बाहेर कधी आलात? आत्ता तर बाळाला निजवायला आत गेलात..."

आत पाळणा कुरकुरत होता. ती कुरकुर थांबली. मग अगदी सुताराच्याच आवाजात कुणीतरी आतून विचारलं,

"कोण आलंय गं?"