हुंकारा देणारा

धान कापणीच्या दिवसांत कुरखेड्याकडची गावं भर दुपारी अशी ओस पडतात, की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. अशाच एका दुपारी मयुरी एसटीतून उतरली आणि लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून आपल्याच गावच्या समाजमंदिराचं कुलूप काढायला गेली. काम तसं साधं होतं. नागपूरच्या एका संस्थेने मनाच्या दुखण्यांसाठी संगणकावरचे धडे तयार केले होते. कानांना हेडफोन लावायचा, समोरची चित्रं बघायची, आवाज सांगेल तसं करायचं. डॉक्टर नको, गोळी नको. माणसाने आपलं मन आपणच ताळ्यावर आणायचं. साल दोन हजार सात. ज्या गावात वीज पाहुण्यासारखी येऊन जायची, तिथे हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे!

धड्यांचा खरंच उपयोग होतो का, हे पडताळायचं होतं. म्हणून गावात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. निम्म्या लोकांना धडे आत्ता, निम्म्यांना उन्हाळ्यात. त्यात मयुरीने एक लबाडी केली. बापाची चिठ्ठी तिने टाकलीच नाही, त्याला सरळ पहिल्या गटात बसवलं. तिला दोष द्यायचा तर खुशाल द्या. मुखरू एकेकाळी तलावावरचा बोलका माणूस होता. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात त्याचा थोरला मुलगा अमर अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. त्या दिवसापासून मुखरूने तोंड शिवून घेतलं. जेवायचा, अंगणात बसून जाळं विणायचा, पण शब्द म्हणून नाही. मयुरीची आई कधीच गेलेली. घरात ही दोघंच. बापाने एकदा नुसतं "जेवली का माय?" म्हणावं, एवढ्यासाठी ती तरसत होती.

धड्यांतला आवाज मयुरीचाच होता. संस्थेला इकडची बोली हवी होती. कुरखेड्याच्या कचेरीतल्या कोठीत, खिडक्यांना गाद्या लावून, एकटीने बसून तिने सगळे धडे बोलून दिले होते. प्रत्येक प्रश्नानंतर थोडी शांतता सोडायची, म्हणजे ऐकणाऱ्याला तिथे आपलं बोलता यावं. "आता तुमी सांगा. इथी कोनी ऐकून नाई राह्यलं. मोकळं बोला," असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्या शांततेत तिच्या मानेवर उगाच काटा यायचा. बंद खोलीत असं होतंच, म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही.

पहिल्या दिवशी शेजारची गोकुळा काकी बसली. नवरा गेल्यापासून तिची झोप उडाली होती. धडा संपला, काकीने हेडफोन काढला आणि मयुरीकडे टक लावून पाहिलं.

"बरं वाटलं का काकी?"

"बेस सांगतेस तू. पन तुह्या संगं थो कोन होता?"

"कोन?"

"हुंकारा देनारा. तू थांबली का थो हूं म्हने."

मयुरी हसली. तिने स्वतः हेडफोन लावून धडा ऐकला. तिचाच आवाज, आणि मधल्या जागी नुसती खरखर. पण काकी हसत नव्हती.

"गोष्ट सांगतानी समोर हुंकारा देनारं मानूस लागते बाई," ती हळूच म्हणाली. "नाई तं दुसराच कोनी येऊन बसते. अन् त्याचं ऐकून झालं का मंग त्याची पाळी... मंग थो सांगते."

मयुरीने ते हसण्यावारी नेलं. पुढच्या दिवसांत मात्र तिला एक गोष्ट खटकू लागली. जिथे लोकांनी बोलायचं, तिथे कुणीच बोलेना. डोळे मिटून मान हलवायचे आणि म्हणायचे, "हूं." जराशाने पुन्हा, "हूं." जसं कुणी लांबलचक काही सांगतंय. समाजमंदिरात वास येऊ लागला. तलावाचा गाळ उपसल्यावर येतो तसा, गार आणि कुजका. तिने दोनदा फरशी पुसून काढली, वास जाईना.

धडे संपलेल्यांना ती विचारायची, झोप लागते का, रडू येतं का, जीव नकोसा होतो का. कुणाचीच तक्रार नव्हती. फोनवर संस्थेचे डॉक्टरसाहेब हरखून गेले. "ताई, असा गुण शहरातसुद्धा कुणाला आला नाही!" साहेबांना कोण सांगणार, की तक्रार करायलाही माणसाला बोलावं लागतं. गोकुळा काकी शेतातल्या बांधीत उभी असायची, हातात विळा, पुढ्यात उभं धान. कापणं विसरून मान हलवत असायची. मयुरीने हाक मारली तर ओळख पटल्यासारखी बघायची आणि पुन्हा तिकडे कान द्यायची.

हे सगळं दिसत असताना मयुरीने बापाला का थांबवलं नाही? थांबवणारच होती. पण शेवटच्या धड्याला मुखरूच्या घशातून आवाज निघाला. "हूं." इतक्या दिवसांनी बापाचा आवाज! ती त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. देवच पावला, असं तिला वाटलं, आणि काकीचं बोलणं ती साफ विसरली.

संध्याकाळी ती चुलीपाशी होती. लॅपटॉप पिशवीत बंद. अंगणातून आवाज आला, "हूं."

ती बाहेर आली. मुखरू जाळं मांडीवर घेऊन कुडाच्या कोपऱ्याकडे बघत होता. कोपऱ्यात काही नव्हतं. फक्त तिथली जमीन ओली होती.

"बाबा... कोनाले हुंकारा देता?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना फोन करून हात जोडले, हे बंद करा. साहेब समजुतीने हसले. नवीन गोष्टीला लोक भितातच, म्हणाले. धड्यांच्या सीड्या तर पार आलापल्लीपर्यंत पोचल्यासुद्धा. मयुरीने घरी येऊन आपल्याजवळची सीडी दगडाने ठेचली. मुखरूने तिकडे पाहिलंही नाही. कोपऱ्याकडे मान करून म्हणाला, "हूं."

मग तिने शेवटचा उपाय केला. त्याला गोष्टच ऐकायची ना? मग आपणच सांगायची. भर दुपारी ती बापासमोर मांडी घालून बसली आणि सांगत सुटली. आईच्या हातच्या झिंग्यांच्या कालवणाची, अमरने मास्तरांच्या सायकलला बेडूक बांधला त्याची, जे सुचेल ते. ती बोलत असली की बापाची बोटं जाळ्यात चालायची. तिने श्वास घ्यायला तोंड मिटलं रे मिटलं, की त्याची मान कोपऱ्याकडे वळायची. म्हणून ती थांबेना. घसा बसला, पाणी प्यायलाही उठली नाही. अखेर सांगण्यासारखं एकच उरलं, जे त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. अमरचा शेवटचा दिवस. तेही तिने सांगितलं. त्याने मागितलेला चहा, तिने "आल्यावर देते" म्हटलेलं, काठावर राहिलेल्या चपला. शेवटी शब्द फुटेनात, नुसते हुंदके.

मुखरूने जाळं खाली ठेवलं. वळून त्याने लेकीकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, पूर्वी पाहायचा तसं. खरबरीत तळवा तिच्या गालावर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. ओठ हलू लागले.

"गप राय माय," तो मायेने म्हणाला. "ऐकू दे मले... अमरची गोष्ट संपली. आता तुही सुरू झाली."

गालावरचा हात त्याने काढून घेतला. मग कोपऱ्याकडे सरकून बसला आणि लहान पोराच्या अधीरपणाने विचारलं, "मंग?"