वेझरकाठची काचेची भिंत

शपथेवर सांगतो, यात पदरचं काही नाही. ब्रेमेनला वेझर नदीकाठी नवा प्रवासी हॉल झाला, तिथे हे घडलं. तेही दिवसाढवळ्या.

हॉलची नदीकडची भिंत अख्खी काचेची. खांब नाही, चौकट नाही. ताणलेल्या पोलादी तारांच्या जाळ्यावर तोललेली. जोराचा वारा आला की भिंत वीतभर आत-बाहेर होते.

ती बसवणाऱ्या टोळीची मुकादम माझी मेहुणी, वीब्के. जिभेने तिखट, पण कामाला वाघ.

टोळीतला हार्म म्हणजे नमुना. दोरावर लटकून बाहेरून काचेवर नाक चपटं करायचा, टकटक करायचा, मेल्याचं सोंग आणायचा.

नोव्हेंबरातली धुक्याची दुपार होती. आत सगळ्यांची कॉफी चालली होती...

टक. टक.

"आलं माकड!" कुणीतरी म्हणालं.

बाहेर हार्म लोंबकळत होता. तोंड वासून हात हलवत होता.

"लक्ष देऊ नका रे, चेकाळतो मेला," वीब्के म्हणाली आणि मुद्दाम काचेकडे पाठ करून बसली. सगळे हसले.

टकटक चालूच राहिली. मग मंदावली...

मग थांबली.

हार्मचा दोर अडकला होता. सुरक्षेच्या पट्ट्यात नुसतं लटकून राहिलं की रक्त पायांत साकळतं आणि माणूस जातो. लटकत्या माणसावरची नजर काढायची नाही, हे नव्या पोरांना वीब्केच शिकवायची.

मयतानंतर तिकडे सगळ्यांना कॉफी-केक देतात; तिथे हार्मच्या आईने, गेझीनेने, वीब्केचे हात धरले. "पोरी, धुकं फार दाट होतं म्हणे?"

"हो काकू. काहीच दिसलं नाही."

वीब्केने लोण्याचा केक तसाच बशीत ठेवला. लाजेने मान वर होईना.

त्यानंतर ती हॉलमध्ये एकटी असली की...

टक. टक.

बाहेर कुणी नसायचं. वारा पडलेला असायचा. पण तारेला हात लावला की तार थरथरायची.

आणि वीब्के पुन्हा पाठ फिरवायची. हे सांगताना ती माझ्यापुढे ढसाढसा रडली.

उद्घाटनाला गेझीनेकाकू आली. लख्ख ऊन होतं. दोघी काचेसमोर उभ्या राहिल्या. "माझ्या हार्मच्या हातची भिंत," म्हणत म्हातारीने काचेवर तळवा टेकला.

टक.

"ऐकलंस?"

वीब्केने तोंड उघडलं. आता तरी खरं सांगून टाकावं... पण म्हणाली, "वारा असेल, काकू."

म्हातारी काचेत निरखून बघत होती. तिचं स्वतःचं प्रतिबिंब समोरून, डोक्याच्या रुमालासकट. त्याच्या शेजारी...

"पोरी," ती हळूच म्हणाली, "तू काचेकडे तोंड करूनच उभी आहेस ना?"

"हो काकू."

"मग काचेत तुझी पाठ का दिसते गं?"

वीब्केने अजून उत्तर दिलेलं नाही. म्हातारी दर रविवारी फोन करून तेवढंच विचारते, आणि मी वीब्केकडे असलो तर घंटी वाजताच मीही फोनकडे पाठ करतो.