वकिलाचा मुक्काम

टँकर गल्लीत शिरला की सगळे घागरी घेऊन धावायचे, आणि आमचा वकील त्यांच्याही पुढे – भुंकत. दोन हजार सोळाचा मार्च होता. लातूरला नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

वकील म्हणजे आमचा कुत्रा. माझे बाबा, निवृत्ती सोनकांबळे, कोर्टात शिपाई होते. पिल्लू घरी आणलं त्या दिवशीच ते कुणाचं ऐकून न घेता तासभर भुंकत राहिलं, म्हणून बाबांनी त्याचं हे नाव ठेवलं. आई मी कॉलेजात असतानाच गेली. आदल्या जुलैत बाबाही गेले. तीन खोल्यांच्या घरात उरलो मी आणि वकील.

त्या दिवशी पाइप धरायच्या गडबडीत फाटक उघडं राहिलं. दोन घागरी भरेपर्यंत वकील गायब! हाका मारत कोपऱ्यापर्यंत गेले, तर तिथं एक 'छोटा हत्ती' टेम्पो उभा होता, आणि मागं दोन पिंजऱ्यांच्या मधे वकील ऐटीत बसला होता.

गाडीला टेकून उभा असलेला माणूस म्हणाला, "तुमचा हाय का? मघापासून म्हणून राहिलो, उतर बाबा… ऐकायलाच तयार न्हाई."

"वकील! उतर खाली!"

"वकील?" तो हसला. उन्हानं रापलेला चेहरा, आणि हसताना एकाच गालावर पडणारी खळी… "मग बरोबर हाय. पुढची तारीख मिळाल्याबिगर उठायचे न्हाईत."

मलाही हसू आलं. बाबांना रिक्षातून दवाखान्यात नेलं, तेव्हापासून गल्लीत कुठलंही वाहन थांबलं की वकील त्यात त्यांना शोधायचा. हे मी त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. त्यानं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग वकिलाला दोन्ही हातांनी उचलून अलगद खाली ठेवलं.

"वय झालंय त्याचं. उडी मारू देत जाऊ नका."

गाडीवर रंगवलं होतं – 'मालक गावाला? कुत्रा आमच्याकडे!' खाली फोन नंबर.

माझ्या पर्समध्ये चार दिवसांपासून एक पत्र होतं. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. नागपूरला सहा आठवड्यांचं ट्रेनिंग होतं, नव्या मशीनचं. दवाखान्यातून मला एकटीला निवडलं होतं. पण वकिलाला ठेवायचं कुठं? नकाराचा अर्ज लिहूनही झाला होता. तो फाडला आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला.

त्याचं नाव चन्नबसप्पा. देगलूरचा. हैदराबादला कुत्र्यांच्या हॉस्टेलात सात वर्षं काम केलेला. आता लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडं भाड्याच्या शेडात त्यानं स्वतःचं हॉस्टेल सुरू केलं होतं.

"आधी तयारी करावी लागती," तो म्हणाला. "लसीचं कार्ड, त्याच्या गोळ्या, खायच्या वेळा, त्याची स्वतःची ताटली. आन् तुमची एक ओढणी. वापरलेली. धुवायची न्हाई."

"पाणी नाही म्हणून?"

"वासासाठी. रात्री उशाला घेतंय ते." मग म्हणाला, "पाणी तसं बी न्हाईच म्हणा. कुत्र्यासंगं एक जार आणा. सगळ्यांना सांगून राहिलो."

त्याच्या सांगण्यावरून घरात वेगळं राहायचा सराव करायचा होता. वकिलाला बाहेर ठेवून मी दुसऱ्या खोलीत दार लावून बसायचं – पाच मिनिटं, पंधरा, अर्धा तास. वकील दाराच्या त्या बाजूला, मी या बाजूला. आठव्या मिनिटाला मीच दार उघडायचे.

"आठच?" फोनवर त्याचा आवाज. "वकील रडून राहिला का?"

"नाही."

"मग कोण?"

मी फोन ठेवला… आणि दोन मिनिटांनी पुन्हा लावला.

अर्ध्या दिवसाच्या मुक्कामासाठी तो स्वतः आम्हाला न्यायला आला. शेडवर ओली पोती टाकलेली, कडुलिंबाची सावली, आठ कुत्री. आंघोळी बंद होत्या. वकिलाला मांडीशी घेऊन तो कोरड्या ब्रशनं त्याची पाठ विंचरत होता. मी बाजेवर बसून बघत होते. अख्खं लातूर मला ताई म्हणायचं. दवाखान्यात, भाजीवाल्याकडे, टँकरवर. हा मात्र नुसतं 'अहो'वर भागवायचा.

"तुम्ही मला हाकच मारत नाही," मी म्हटलं.

"मारतो की."

"अहो, ऐका, बघा… ही काय हाक झाली? सगळ्यांसारखं ताई म्हणा."

ब्रश थांबला. "ते… म्हणवत न्हाई."

"का?"

"असंच." आणि तो खाली मान घालून जोरजोरात विंचरायला लागला. वकिलानं वळून माझ्याकडे बघितलं. त्याचे कान – वकिलाचे नव्हे – लाल झाले होते.

मग एका रात्रीचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जाऊन मी सहा वाजता शेडच्या दारात उभी होते.

"तो झोपला," चन्नबसप्पा म्हणाला. "तुम्ही?"

"मीपण."

"डोळे तर वेगळंच सांगून राहिलेत."

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी मी वकिलाला शेडवर सोडलं. मिठी मारायची नाही, डोळे पुसायचे नाहीत, भाजी आणायला निघाल्यासारखं निघायचं – ही त्याची सूचना. मी तशीच निघाले. पुढं जाऊन एकदाच वळून पाहिलं. वकील ताटलीत नाक घालून बसला होता. बघत होता तो दुसराच कुणीतरी…

नागपूरला हॉस्टेलवर मला एकटीला खोली मिळाली. पहिल्या दिवशी नळ सोडला, तर धो धो पाणी! मी दचकून बंद केला. संध्याकाळी मेसमध्ये बाकीच्या आपापल्या घरी फोन लावायच्या. मला ज्यांना लावायचा, ते उरले नव्हते. मग मी मोबाईल समोर ठेवून बसायचे, आणि साडेसातला फोटो यायचा. खाली मजकूर – 'अर्जदार वकील यांनी आज पोळी नाकारली, भाकरी मागितली. आदेश व्हावा.'

मी लिहायचे – 'भाकरी मंजूर. अर्जदाराला आठवण येते का?'

'अर्जदार निवांत हाय. अर्जदाराला सांभाळणाऱ्याचं विचारून राहिलात का?'

मी उत्तर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. शेवटी 'शुभ रात्री' पाठवायचे.

चौथ्या आठवड्यात आलेल्या फोटोत वकिलाच्या मागं निळी भिंत होती. भिंतीवर कन्नड कॅलेंडर. शेडला भिंतच नव्हती, पत्रे होते. मी ताबडतोब फोन लावला.

"वकील कुठं आहे?"

"देगलूरला. माझ्या आईपाशी. बोअर आटला. टँकर मिळेना. बाकीची सगळी ज्यांची त्यांना देऊन आलो. शेड बंद केलंय."

"कधी?"

"बारा दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुम्ही ट्रेनिंग सोडून आला असता."

खरं होतं, म्हणूनच जास्त राग आला. "ते मी ठरवलं असतं! माझ्या वतीनं ठरवणारे तुम्ही कोण?"

"तेच…" तो हळूच म्हणाला. "कोण हाय मी, तेच तुम्हाला विचारायचं होतं. लई दिवसांपासून."

मी फोन ठेवला नाही. खिडकीबाहेर कुणीतरी बागेला पाणी घालत होतं, ओल्या मातीचा वास येत होता… मी म्हटलं, "ट्रेनिंग संपलं की थेट देगलूरला येते. समोर विचारा."

मेच्या अखेरीस नांदेडला उतरून मी देगलूरची एसटी धरली. त्याच्या घरी वकिलानं माझे पाय हुंगले, एकदा विव्हळला आणि सगळं वजन माझ्या पावलांवर टाकून आडवा झाला. चांगला गुबगुबीत झाला होता. चन्नबसप्पाची आई, नागम्मा, दारातून बघत होती. तिनं बाज दाखवली, तांब्याभर पाणी दिलं, चहा दिला. एक शब्द मात्र बोलली नाही. आम्ही निघताना तिनं वाकून वकिलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेली.

छोट्या हत्तीतून आम्ही लातूरकडे निघालो. उदगीरला चहाला थांबलो. समोरच्या भिंतीवर जिल्हा मागणाऱ्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'.

"बघा, लोक कसं ठणकावून मागतात," मी म्हटलं. "तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं…"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "पंचशीला," तो म्हणाला. पहिल्यांदाच माझं नाव घेतलं. "मला तुमच्यासंगं राहायचंय. जन्मभर. पण आत्ता हातात काही न्हाई. सोमवारी हैदराबादला चाललो, जुन्या जागी. वरीसभर तरी लागंल परत उभं राहायला."

"आणि आई?"

"तुमचं आडनाव सांगितलंय. गप बसली. न्हाई म्हणली न्हाई… हाव बी म्हणली न्हाई."

चहावर साय धरली होती. मी ती बोटानं बाजूला केली. "बाबा गेल्यापासून मी कुणाची वाट बघितलेली नाही," मी म्हटलं. "बघण्यासारखं कुणी नव्हतंच. आता वर्षभर बघेन. तुम्ही जा."

"आन् आई न्हाईच म्हणली तर?"

"तर मी पुन्हा देगलूरला येईन. पुन्हा पुन्हा येईन."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. चहावाला बघत होता. बघू दे.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सहा आठवडे बंद असलेल्या घरात सगळीकडे धूळ. वकील प्रत्येक खोलीत जाऊन आला आणि दारात पसरला. मी झाडू शोधत होते, तेवढ्यात चन्नबसप्पाचा फोन वाजला. तो कन्नडमधे दोन-तीन वाक्यं बोलला, थांबला, आणि गोंधळून फोन माझ्यापुढं धरला.

"आई हाय. तुम्हाला दे म्हणतीय."

मी फोन कानाला लावला. पलीकडं खोकला, मग खरखरीत आवाज – "ऊटा आयता?"

मी चन्नबसप्पाकडे पाहिलं.

"विचारून राहिली…" तो म्हणाला, "जेवलीस का?"

मी झाडू खाली ठेवला. भिंतीला टेकले. दहा महिन्यांत या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई, आई," मी म्हटलं. "अजून न्हाई."