निघणाऱ्याचा चहा

"भंगारवाला दुपारी ट्रकच्या अड्ड्यावर येतोय, दादा. तुझी गाडी बघेल आणि तिथल्या तिथे सौदा करून टाकेल," दिराने बूट चढवता चढवता सांगितलं, आणि तिच्या हातून बशी ओट्यावर आपटली. फुटली नाही. पण त्या घरात जे काही अजून शाबूत होतं, ते सगळं त्या आवाजासरशी तडकल्यासारखं तिला झालं.

नवऱ्याने मान वर केली नाही. "बरं," एवढंच म्हणाला... जणू अडगळीतली मोडकी खाट काढायची होती.

मग दिराने आपल्याला फोन आल्याचं सांगितलं. आज त्याला भाडं होतं, लांबचं आणि चांगलं. माल पाठवणारे आता गाडीचं तोंड बघतात, नवी गाडी मागून घेतात, असं तो नेहमीसारखं म्हणाला. ते दादाला उद्देशून नव्हतं, पण दादाच्या अंगावरून गेल्याशिवाय राहिलं नाही. जावेने आपल्या नवऱ्याचा डबा भरताना त्यात दोन जास्तीचे घास घातले आणि कमावणाऱ्याला भूक लागते, असं भिंतीकडे बघत पुटपुटली. वर्षभर हे असंच चाललं होतं. दीर निघून गेला, त्याच्यामागे जाऊही बाजारात गेली, आणि स्वयंपाकघरात दोघंच उरली.

ती गाडी तिच्या वडिलांची होती. शाळेला सुट्टी लागली की वडील तिला केबिनमध्ये शेजारी बसवून न्यायचे. इंजिनाच्या झाकणाला इतकी छान ऊब असायची की त्यावर पाय ठेवून ती गावंच्या गावं झोपेत ओलांडायची. वडिलांना मुलगा नव्हता. शेवटच्या आजारात त्यांनी किल्ली जावयाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटली, बोलले काही नाहीत. काय ते दिवस होते! तेव्हा माल गाडीची वाट बघायचा. व्यापारी दारात ताटकळायचे, 'मास्तर, तेवढी खेप माझी घ्या' म्हणून गळ घालायचे. मास्तर हे नाव तिच्या नवऱ्याला अड्ड्याने दिलं होतं, कारण अरुंद गल्लीत ट्रक मागे कसा घ्यायचा, हे निम्म्या अड्ड्याला त्याने शिकवलं होतं. धाकट्या भावालाही त्यानेच शिकवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर शाळेत जात होता आणि तिच्या हातचं मागून मागून खात होता.

मग मंदी आली. कारखाने अर्ध्या पाळीवर आले, माल आटला आणि गाड्या मात्र तेवढ्याच राहिल्या. भाड्याचे दर इतके उतरले की डिझेल भरून उरेल ते मोजायला बोटंसुद्धा लागू नयेत. माल पोचवला तरी येताना गाडी रिकामी. लोकांनी क्लीनर काढून टाकले आणि एकट्याने दिवसरात्र गाड्या हाकायला लागले. अड्ड्यावर रांग लागली. माणसं चाकाआड स्टोव्ह पेटवायची, एकाच नळावर अंघोळीसाठी भांडायची आणि केबिनमध्ये पाय मुडपून झोपायची, कारण रांग सोडून घरी आलं आणि तेवढ्यात नंबर पुकारला, तर पुन्हा शेपटाला जायचं.

आणि या सगळ्यात दिराच्या नव्या गाडीला, कर्ज काढून घेतलेल्या त्या गाडीला भाडी मिळत होती. तिच्या वडिलांच्या गाडीचा मात्र कधी क्लच सरकायचा, कधी ब्रेक धरायचा नाही. नंबर आला की नेमकी बिघडायची म्हणे. फिटनेसचा दाखला संपत आला होता, विमाही, आणि दोन्हींसाठी हातात काही नव्हतं. लोकांचे कपडे इस्त्री करून ती जे मिळवायची, त्यात भाजी यायची. त्या भाजीला जावेच्या जिभेचं मीठ लागायचं.

तिने रागारागानेच चहाचा कप नवऱ्यासमोर ठेवला. त्याने तो हलकेच बाजूला सारला.

"नको गं. काल त्या जाड्याने निघणाऱ्याचा पाजला. नुसता साखरेचा पाक. अजून जीभ चिकटतेय."

तो शर्ट घालून गेला, आणि ती मात्र कपाकडे बघत उभी राहिली.

निघणाऱ्याचा चहा ही अड्ड्याची जुनी रीत. तिच्या वडिलांच्या वेळेपासूनची, कदाचित त्याहूनही जुनी. ज्याला भाडं मिळतं, तो निघण्यापूर्वी आपल्या लगेच मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला एक ग्लास चहा पाजतो. फक्त त्यालाच. त्याचा अर्थ एवढाच, की मी चाललो, आता पाळी तुझी. रांगेत कितीही माणसं असोत, तो चहा दुसरा कुणी पीत नाही. लहानपणी वडिलांच्या हातात तो ग्लास दिसला की ती उड्या मारायची, कारण दुसऱ्या दिवशी प्रवास ठरलेला असायचा.

काल जाड्याने याला चहा पाजला, म्हणजे काल हा दुसरा होता. म्हणजे आज याचा पहिला नंबर. आणि आज भाडं मात्र दिराला होतं...

ती खुर्चीवर बसली. मागचं एकेक आठवायला लागलं. नवरा पावसात भिजून आला होता तेव्हा म्हणाला होता, निघणाऱ्याचा आज बिनदुधाचा होता. एकदा म्हणाला होता, ग्लासच फुटका, ओठ कापला. कितीदा तरी तो असं सहज बोलून गेला होता, आणि ड्रायव्हरच्या मुलीने, जिला ही रीत घुटीतून मिळाली होती, तिने ते कानावरून जाऊ दिलं होतं! कारण प्रत्येक वेळी ती त्याच्यावर चिडलेली होती, आणि चिडलेल्या माणसाला शब्द ऐकू येतात, त्यांचा अर्थ लागत नाही.

तिने डबा उचलला आणि घराला कुलूप घातलं.

अड्ड्यावर धूळ, डिझेलचा वास आणि कंटाळा भरून होता. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी बनियन पिळत होतं. तिच्या वडिलांची गाडी रांगेच्या अगदी शेपटाला, कुंपणाला टेकून उभी होती. पुढे, पहिल्या जागी, दिराची नवी गाडी चकाकत होती.

ती आधी मुकादमाच्या चहाच्या टपरीवर गेली. रांग सांभाळणारा हा म्हातारा एरवी मोठा विनोदी. तिला बघताच त्याने मास्तरच्या डब्यासाठी नंबर लावावा लागेल का, असं विचारलंही. तिने विचारलं, "काका, आज पहिला नंबर कुणाचा होता?" तसं त्याचं हसू विरलं. तो पेला विसळत बसला. मग म्हणाला की रांगेत दोघांनी आपसात जागा बदलली तर त्याला नाही म्हणता येत नाही. मास्तर दर वेळी पहिल्या जागी पोचला की भावाची गाडी तिथे आणून लावायला सांगतो आणि स्वतः भावाच्या शेपटाच्या जागी जाऊन उभा राहतो. भावाला फोन करून काय सांगायचं, तेही मास्तरनेच मुकादमाला शिकवलं होतं. व्यापाऱ्याने नवी गाडी मागितली, असं.

"मी खोटं बोलायला म्हातारा झालोय, पोरी," मुकादम म्हणाला. "पण सगळ्या अड्ड्याला माहीत आहे. नाही माहीत ते फक्त त्या धाकट्याला आणि तुला."

नवरा केबिनमध्ये बसला होता. ती पायरी चढून आत आली, कित्येक वर्षांनी. सीटचा तोच वास, तोच आरशाला पडलेला तडा. तिचं तोंड बघून त्याला कळलं. लपवायचा प्रयत्नही त्याने केला नाही. हळूहळू सांगत गेला. धाकट्याचे हप्ते थकले होते. आणखी चुकले असते तर कर्जवाल्या कंपनीने गाडी ओढून नेली असती. "आपल्या गाडीवर कुणाचा हक्क नाही, ती उभी राहू शकते. त्याची उभी राहिली की गेली. मोडला असता गं तो. आणि सांगून दिलं असतं, तर घेतलं असतं त्याने?"

तिला रडू यायला हवं होतं. आला तो संताप, वर्षभराचा.

"नंबर तुमचा होता, तुम्ही दिलात. पण ही गाडी माझ्या वडिलांची आहे. आणि मी जे वर्षभर ऐकलं, आळशाची बायको म्हणून, आयतं खाणारी म्हणून... ते माझ्या वाट्याला कुणी दिलं? तुम्ही मोठे झालात, मास्तर. मला विचारलंत?"

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी मास्तर म्हटलं नव्हतं.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "तू नाही म्हणणार नाहीस, असं धरून चाललो. चुकलो मी." मग डबा तिच्या हातून घेत, "पण त्याला सांगू नकोस. एवढं ऐक."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. आपला शब्द तिने पाळलाही.

भंगारवाला आला तो दिराच्याच बरोबर. त्याने लोखंडी कांबीने टपावर, दारावर, चाकाच्या कडेवर टकटक केली, आणि दर टकटकीला ती आतून शहारली. फक्त वजनाचा भाव देईन, म्हणाला. इंजिनाकडे त्याने बघितलंही नाही. दिराच्या हातात भाड्याचे कागद होते आणि चेहऱ्यावर निघायची घाई. आपल्या मागच्या ड्रायव्हरला तो नुकताच चहा पाजून आला होता. बघायला चारपाच ड्रायव्हर जमले.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," दीर म्हणाला, "पण वर्षभरात एकदा तरी क्लच धड होता का? भंगाराला किती दिवस कुरवाळायचं?"

ती खाली उतरली. पदर सावरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"भावोजी, आत्ता तुम्ही मागच्याला निघणाऱ्याचा चहा दिलात ना?"

"दिला की. रीतच आहे."

"या वर्षात तुम्ही इतक्या खेपा केल्यात. तुम्हाला कुणी पाजला?"

तो हसला. काहीतरी उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं... आणि ते तसंच राहिलं. त्याने मुकादमाकडे बघितलं, मुकादम टपरीच्या छपराकडे बघत होता. त्याने कालची जवळची खेप टाकून परतलेल्या जाड्याकडे बघितलं, जाड्याने मान खाली घातली. फोन यायचा, गाडी पहिल्या जागी असायची, आणि तो निघायचा. रांगेत दुसरा असा तो कधी उभाच राहिला नव्हता. त्याच्या हाती तो ग्लास एकदाही आला नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "क्लचला काय झालंय?"

दादा केबिनमधून उतरला आणि दारापासून बाजूला झाला.

दीर तसाच केबिनमध्ये चढला. किल्ली फिरवली. जुनं इंजिन एकदा खोकलं आणि घुमायला लागलं. त्याने क्लच दाबला, गिअर टाकला. लोण्यात सुरी जावी तसा तो पडला. काढला, पुन्हा टाकला, पुन्हा काढला. मग गाडी बंद करून त्याने कपाळ स्टीअरिंगवर टेकवलं, आणि कपाळाखाली हॉर्न दबून वाजत राहिला... वाजतच राहिला. सगळा अड्डा उठून उभा राहिला, पण तो हॉर्न थांबवायला कुणी पुढे गेलं नाही.

शेवटी दादाच गेला. दार उघडून त्याने भावाचं डोकं उचललं.

"मी तुला सगळ्यांसमोर भंगार म्हणालो."

"गाडीला म्हणालास रे."

"नाही. तुलाच म्हणत होतो." मग एकदम त्याचा आवाज चढला. "पण का? माझ्या पोटात घास तू घालत होतास, आणि मी उलट तुलाच सुनावत होतो, आणि तू सुनावू दिलंस! जन्मभर मला लहानच ठेवणार होतास का? मला विचारायचं तरी एकदा."

दादाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"त्यांनी मलाही विचारलं नव्हतं, भावोजी," ती खालून म्हणाली. दिराने तिच्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा त्या दोघांचा राग एका बाजूला होता, आणि त्या रागात कुठेतरी शाळेतून येऊन तिच्या हातचं मागून खाणारा मुलगा परत आला होता.

"वहिनी..." त्याने हात जोडले, मग ते तसेच तोंडावर धरले.

भंगारवाल्याने फुकट खेटा झाला म्हणून कुरकुर केली. जाड्याने त्याला खांद्याला धरून फाटकापर्यंत पोचवलं. दिराने भाड्याचे कागद दादाच्या खिशात कोंबले. दादा हप्त्याचं विचारायला लागला, तेव्हा त्याने हात झटकला. "हप्त्याचं बघू. दोघं मिळून बघू. आणि नाहीच झालं तर नेऊ देत ती गाडी, मी तुझ्याबरोबर या गाडीवर बसेन. पण आता नंबर ज्याचा त्याचा."

मग त्याने आपली चकचकीत गाडी पहिल्या जागेवरून काढली. ती रांगेच्या कडेकडेने मागे घेत घेत, अगदी दादाने शिकवलं होतं तशी, कुंपणाजवळच्या जागी नेऊन लावली. तिच्या वडिलांची गाडी घरघरत पुढे गेली. मंदी काही हटली नव्हती. चाकाआडचे स्टोव्ह तसेच पेटलेले होते, नळावर तशीच भांडणं चालू होती, आणि दिराच्या पुढे आता लांबच लांब रांग होती.

निघण्यापूर्वी दादाने रीतीप्रमाणे आपल्या मागच्याला चहा दिला. त्याला आधी दिराकडून एक मिळालेला होता, त्याने हसत दुसराही घेतला. मग दादाने टपरीवरून आणखी एक ग्लास मागवला. मुकादम म्हणाला की रीतीत हे बसत नाही, आणि म्हणता म्हणताच त्याने ग्लास काठोकाठ भरला.

ती तो ग्लास घेऊन रांगेच्या शेपटापर्यंत चालत गेली. पत्ते खेळणारे तिला वाट करून देत होते. दीर आपल्या गाडीच्या पायरीवर बसला होता, डोळे लाल, हात मोकळे.

"निघणाऱ्याचा आहे," ती म्हणाली. "गार होऊ देऊ नका."

त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला. पुढची रांग बघितली आणि खालमानेने म्हणाला, "वहिनी, माझी पाळी यायला फार दिवस लागतील आता."

"लागू देत," ती म्हणाली. "डबा मी आणीन."

पुढून तिच्या वडिलांच्या गाडीचा हॉर्न आला, छोटा, निघतानाचा. दिराने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डोळे पुसत म्हणाला, "दादाने यात साखर घालायला सांगितलंच नाही वाटतं."